दोन थापा आणि एक टाळी

५ सप्टेंबर उजाडला की आमच्या शाळेत गुलाबांचा पाऊस पडतो. मुले आपल्या परसातली, शेजाऱ्याच्या परसातली, प्रसंगी देवापुढचीही फुले उचलून आणतात आणि माझ्या टेबलावर ढीग घालतात. मी डॉ. राधाकृष्णन यांच्यावर दरवर्षीचे तेच भाषण करतो, मुले दरवर्षीच्याच टाळ्या वाजवतात आणि शिक्षक दिन पार पडतो. संध्याकाळी मात्र त्या ढिगातले एक बरेसे फूल निवडून मी घरी आणतो आणि पेल्यात पाणी घालून घाटाकडच्या खिडकीत ठेवतो. लग्नाच्या पहिल्या वर्षी ते फूल आपल्यासाठीच आहे अशी आमच्या सौभाग्यवतींची समजूत झाली. ती मी तत्परतेने दूर केली, हा माझ्या संसारातला पहिला मूर्खपणा.

“मग कोणासाठी ते?” तिने विचारले.

“आज त्याचा वाढदिवस असतो.”

‘तो’ म्हणजे फरोख बुलसारा. १९४६ सालच्या ५ सप्टेंबरला झांझिबार बेटावर एका पारशी कुटुंबात तो जन्मला. जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखते. इंग्लंडातल्या ‘क्वीन’ या रॉक बँडचा तो गायक. वाईच्या कृष्णाकाठी वाढलेल्या, सकाळी ढोल्या गणपतीला नमस्कार करून शाळेची वाट धरणाऱ्या माणसाने गेली पस्तीस वर्षे एका इंग्रजी रॉक बँडचे वेड बाळगावे, ही गोष्ट ऐकून लोक हसतात. मीही हसतो. पण वेड काही आपण निवडत नाही. ताप यावा तसे ते येते. फरक इतकाच की हा ताप उतरू नये असे आपल्यालाच वाटत असते.

मला तो १९९० च्या मे महिन्यात आला. माझा आतेभाऊ गिरगावातून सुट्टीला आमच्याकडे आला होता. तो कॉलेजात होता, त्याचे केस मानेवर रुळत होते आणि तो वडिलांच्या देखत शीळ घालत असे. म्हणजे अकरा वर्षांच्या माझ्या दृष्टीने तो देवच होता. त्याने ‘क्वीन’ची निवडक गाणी एका कोऱ्या कॅसेटवर भरून आणली होती. घरात टेपरेकॉर्डर होता तो वडिलांचा, आणि त्यावर नाट्यसंगीताखेरीज दुसरे काही लावण्याची रीत नव्हती. दुपारी वडील जेवून आडवे झाले तेव्हा आम्ही दार लोटून घेतले आणि आवाज अगदी बारीक ठेवून ती कॅसेट लावली.

पहिल्यांदा ऐकू आल्या त्या नुसत्या थापा. दोन थापा आणि एक टाळी. पुन्हा दोन थापा, एक टाळी. वाद्य नाही, सूर नाही. जणू एखादी मोठी जत्रा आमच्या माजघराच्या भिंतीपलीकडे येऊन उभी राहिली आहे. मला शाळेतली लेझीम आठवली आणि माझे पाय आपोआप जमिनीवर पडू लागले. पुढे मी वाचले की ब्रायन मे याने १९७७ साली रचलेल्या या गाण्यासाठी मूठभर माणसांनी जुन्या लाकडी फळ्यांवर पाय आपटले होते. मग त्याच थापा निरनिराळ्या अंतरांवरून आल्यासारख्या एकमेकींवर चढवल्या आणि मूठभरांचा समुदाय झाला. त्या दुपारी मला हे कुठले ठाऊक? माझे पाय इतक्या जोरात पडले की वडील उठून दारात आले. त्यांनी थोडा वेळ ऐकले. “हा मनुष्य गातो आहे की भांडतो आहे?” त्यांनी विचारले. तेवढ्यात पुढचे गाणे लागले आणि फ्रेडीने एक लांब सूर लावून धरला. वडिलांची मान नकळत हलली. “सूर मात्र पक्का आहे,” एवढे म्हणून ते परत आडवे झाले. नाट्यसंगीताच्या बाहेर त्यांनी कोणाला दिलेले हे मला आठवणारे एकमेव प्रशस्तिपत्रक.

जाताना आतेभाऊ ती कॅसेट मला देऊन गेला. मग वर्षभर मी तिची पारायणे केली. इंग्रजी मला पाचवीपासून होते, म्हणजे जवळजवळ नव्हतेच. गाण्यातले शब्द कानाला जसे पडतील तसे मी देवनागरीत एका वहीत उतरवून घेत असे. पुढे खरे शब्द हाती आले तेव्हा दोन्ही ताडून पाहिले. साम्य फार थोडे होते, आणि काही ठिकाणी माझेच बरे वाटले. कॅसेटची पहिली बाजू संपताना एक गाणे फीत न पुरल्यामुळे मध्येच तुटे. ते तसेच आहे अशी माझी कितीतरी वर्षे प्रामाणिक समजूत होती, आणि ते अचानक तुटणे मला फार परिणामकारक वाटत असे.

पण खरा जीव जडला तो ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’वर. १९७५ सालचे हे गाणे ५ मिनिटे ५५ सेकंदांचे. इतके लांबलचक गाणे रेडिओवर कोण लावणार, असे जाणकारांनी सांगितले होते. ते इंग्लंडात सलग ९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. ते सुरू होते एखाद्या करुण पदासारखे, मध्येच त्याचे नाटक होते, मंडळी एकमेकांना सवाल-जबाब करू लागतात, त्यात चक्क ‘बिस्मिल्ला’ हा शब्द ऐकू येतो, मग गिटार कडाडते आणि शेवटी सगळे पुन्हा शांत होते. संगीत नाटकांच्या घरात वाढलेल्या मुलाला यात परके असे काय वाटणार? त्या नाटकातला सगळा जमाव म्हणजे तिघांचेच आवाज पुन्हा पुन्हा एकावर एक चढवलेले. हे करताना ती फीत यंत्रातून इतक्या वेळा गेली की झिजून तिच्यातून आरपार दिसू लागले, अशी आठवण त्या मंडळींनी सांगितली आहे. त्या फितीचा विचार माझ्या मनातून कधी गेला नाही. त्याचे कारण पुढे येईल.

आणि ती माणसे तरी कशी! ब्रायन मे याने आपली गिटार वडिलांच्या मदतीने घरीच घडवली. १९६३ साली काम सुरू झाले. लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचे, आणि दांडीवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे. तारा छेडायला तो सहा पेन्सचे जुने नाणे वापरतो. सूर्याभोवतीच्या अंतराळातल्या धुळीवर तो संशोधन करीत होता, ते बँडच्या धबडग्यात १९७४ च्या सुमारास बाजूला पडले. तीस-बत्तीस वर्षांनी त्याने ते कागद पुन्हा काढले आणि २००७ साली डॉक्टरेट मिळवली. शाळा सुटलेल्या मुलांच्या आईबापांना मी ही गोष्ट हमखास ऐकवतो. ढोल वाजवणारा रॉजर टेलर दंतवैद्यकाचा अभ्यास सोडून आलेला. जॉन डीकन हा सर्वांत अबोल. त्याने कचऱ्यात सापडलेल्या विजेच्या जोडणीतून छोटा ध्वनिवर्धक बनवला आणि तो बँडने वर्षानुवर्षे वापरला. चौघांपैकी प्रत्येकाने गाजलेली गाणी लिहिली. घर चालते ते असे, प्रत्येकाने काहीतरी आणून टाकल्याने.

असो. आता जे सांगायचे आहे ते सांगतो. इतकी वर्षे मी ते टाळत आलो.

१९९१ च्या २३ नोव्हेंबरला फ्रेडीने आपल्याला एड्स झाला असल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी, २४ तारखेला, तो वारला. वय अवघे ४५. आमच्याकडे ही बातमी चार ओळींत आली. त्या चार ओळी सातवीच्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांनी वाचल्या, आणि वर्गात बाकावर थापा वाजवणारा मुलगा कोण हे सगळ्यांना ठाऊक होते. त्या काळी या रोगाचे नाव घेताना मोठी माणसेही आवाज खाली आणीत. मधल्या सुट्टीत पोरांनी मला घेरले.

“तुझा तो गाणारा कशानं मेला रे?”

“कोण माझा?” मी म्हटले.

“तोच की, ज्याची कॅसेट ऐकतोस.”

“मी नाही ऐकत. आतेभावाची आहे ती. मला नाही आवडत तो.”

बारा वर्षांच्या मुलाचे हे उत्तर. कोणी त्यावर रागावणार नाही. पण मी तिथेच थांबलो नाही. जानेवारीत आमच्या काकांच्या रानात शाळू कणसावर आला होता. पाखरे फार पडत. जुन्या कॅसेटची फीत काढून शेतावरून ताणून बांधली की ती उन्हात चमकते, वाऱ्यात घूं घूं करते आणि पाखरे बिचकतात, ही युक्ती आमच्याकडे सगळ्यांना माहीत होती. काकांनी विचारले, “एखादी खराब कॅसेट आहे का रे?” मी घरी गेलो आणि ती घेऊन आलो. माझ्या हातांनी मी ती फीत उपसली, मीटरच्या मीटर, आणि काकांनी ती या बांधापासून त्या बांधापर्यंत ओढली. सुगी होईपर्यंत ती रानात वाजत होती. मी त्या वाटेने जायचे टाळीत असे. रात्री अंथरुणात मात्र मला तो आवाज ऐकू येई. गाणे नव्हते त्यात, शब्द नव्हते, नुसती घरघर.

पुढची आठ वर्षे मी त्याचे नाव काढले नाही.

१९९९ साली, वाईच्या एका रद्दीच्या दुकानात पुस्तके चाळताना एक जुने इंग्रजी साप्ताहिक हाती लागले. त्यात त्याच्यावर लेख होता. मी उभ्या उभ्या वाचू लागलो, आणि एका वाक्यापाशी मला खाली बसावे लागले. हा मुलगा आठ वर्षांचा असताना त्याच्या आईवडिलांनी त्याला झांझिबारहून बोटीने मुंबईस पाठवले होते, आणि तेथून शाळेत घातले होते पाचगणीला! सेंट पीटर्स शाळेत. म्हणजे माझ्या खिडकीतून दिसणारा पसरणीचा घाट चढले की माथ्यावर. त्या घाटाच्या पायथ्याच्या पसरणी गावात शाहीर साबळे जन्मले, याचा आम्हाला केवढा अभिमान! आणि त्याच घाटाच्या माथ्यावर दुसरा एवढा मोठा आवाज फुटला, हे आमच्यापैकी कोणाच्या गावीही नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने पाचगणीला गेलो. आत जाण्याचे धैर्य झाले नाही. सिल्व्हर ओकच्या सावलीत फाटकाबाहेर उभा राहून नुसते पाहिले. या आवारात त्याला ‘फ्रेडी’ हे नाव मिळाले. जबड्यात चार दात जास्तीचे असल्याने पुढचे दात बाहेर येत, म्हणून पोरांनी चिडवलेही. पुढे पैसा आल्यावरही त्याने ते दात काढले नाहीत. आवाज बदलेल ही भीती. तो टेबल टेनिस चांगला खेळे, मुष्टियुद्ध करी. बाराव्या वर्षी, १९५८ साली, त्याने मित्रांबरोबर ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला आणि त्यात तो पियानो वाजवी. पण हे सारे झाले कशामुळे? त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना या मुलाचा कान चांगला आहे असे दिसले. त्यांनी आईवडिलांना पत्र लिहिले की थोडी जास्त फी भरलीत तर त्याला संगीत शिकवता येईल. आईवडिलांनी होकार कळवला.

एक पत्र! मी तेव्हा नुकताच शिक्षकी पेशात पडलो होतो. उतरताना घाटातल्या प्रत्येक वळणावर मी त्या पत्राचाच विचार करीत होतो. पुढल्याच आठवड्यात सातारला जाऊन मी ती गाणी पुन्हा विकत घेतली. मध्येच तुटणारे ते गाणे तुटत नाही, हे मला तेव्हा कळले. मी ते शेवटपर्यंत ऐकले आणि रडलो.

त्यानंतर वेडाला ताळ राहिला नाही. १३ जुलै १९८५ च्या वेम्बली मैदानावरच्या कार्यक्रमाची चित्रफीत मिळाली तेव्हा तर मी ती शिक्षक म्हणून पाहिली. इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी झालेला तो ‘लाइव्ह एड’चा जलसा. ‘क्वीन’च्या वाट्याला वीस-एकवीस मिनिटे. समोर सत्तर हजारांवर माणसे. फ्रेडी नुसता एक आलाप घेतो आणि ती सत्तर हजार माणसे, मास्तराने पाढा म्हणावा आणि वर्गाने म्हणावा तसा, तो आलाप परत करतात. एकाही मुलाला छडी नाही! इथे मला चाळीस पोरे आवरत नव्हती. मी दुसऱ्याच दिवशी कवायतीच्या तासाला मुलांना दोन थापा आणि एक टाळी शिकवली. कोणाची, कुठली, ते सांगितले नाही. आठवडाभरात माझा वर्ग साऱ्या शाळेत शिस्तीचा म्हणून नावाजला गेला.

ही गोष्ट २००५ सालची. तेव्हा मी वाईपासून दूरच्या एका खेड्यात शिकवत होतो. त्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील वारले. ते ट्रकवर चालक होते. कशाने वारले हे गावात लपून राहिले नाही. दहाव्या-बाराव्याच्या आतच चार-पाच पालक शाळेच्या ओसरीवर आले.

“गुर्जी, त्या पोराला न्यारं बसवा. आमची पोरं त्याच्याजवळ नगंत.”

मुलगा निरोगी होता. आणि नसता, तरी शेजारी बसून, एका डब्यात जेवून तो रोग होत नाही, हे मी वाचलेले होते. फ्रेडीवर एवढे वाचणाऱ्या माणसाने ते वाचलेले असणारच. मी काय म्हणालो?

“बघतो,” मी म्हणालो.

मास्तरांच्या तोंडचा हा सर्वांत भित्रा शब्द. मुख्याध्यापकांनी “तुम्हीच काय ते मिटवा” म्हणून हात झटकले. मी त्या मुलाला म्हटले, “मागच्या बाकावर बस बाळ, तिथे वारा चांगला लागतो.” त्याने दप्तर उचलले. काही विचारले नाही. मुलांना सगळे कळते.

दुसऱ्या दिवशी कवायतीचा तास होता. रांगा लागल्या. हा आपण होऊनच बाजूला, लिंबाच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला. मी शिट्टी वाजवली. दोन थापा, एक टाळी. दोन थापा, एक टाळी. आणि रांगेच्या आवाजामागून, किंचित उशिरा, झाडाखालून एकट्याची टाळी आली. तो तिथे उभा राहून त्यांच्याबरोबर वाजवीत होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. कानात ती रानातली घरघर होती. बारा वर्षांचा असताना मी नाकारला तो दूरदेशीचा, मेलेला, मला कधीही न भेटलेला माणूस होता. हा तर माझ्या वर्गातला, सहावीच्या हजेरीपटावरचा मुलगा. घाटमाथ्यावरच्या एका मास्तराने एका मुलासाठी पत्र लिहिले होते. घाटाखालच्या मास्तराने एका मुलाला वारा खायला मागे बसवले. मग कसले हे चाहतेपण? नुसती गाणी ऐकून कोणी कोणाचा होत नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्याला पहिल्या बाकावर आणले. मधल्या सुट्टीत माझा डबा घेऊन त्याच्याजवळ जाऊन बसलो, माझी अर्धी भाकरी त्याला दिली आणि त्याच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मी घेतली. चटणी फार तिखट होती. वर्ग टक लावून पाहत होता. शनिवारी मी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावून पालकांसमोर बोलायला लावले. त्याने सारे गाव सुधारले असे मी म्हणणार नाही. दोन मुले शाळेतून काढली गेली. त्यातले एक दिवाळीनंतर परत आले, दुसरे आले नाही. मुख्याध्यापक पुढे बरेच दिवस माझ्याशी तुटक बोलत. पण तो मुलगा पहिल्या बाकावर राहिला. त्याच्या आईलाही लागण झालेली होती. सरकारने २००४ सालच्या एप्रिलपासून मोफत औषधे सुरू केली होती, पण ती तेव्हा मोठ्या शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांतच मिळत. ती माउली दर महिन्याला एसटीने जाई, औषधे आणी आणि दुसऱ्या दिवशी खुरपायला जाई. ती आज हयात आहे. फ्रेडी गेला तेव्हा अशी औषधे नव्हती. परिणामकारक उपचार आला तो १९९६ च्या सुमारास. पाच वर्षांचा फरक.

गेल्या वर्षी मी फ्रेडीच्या वयाला मागे टाकले. तो पंचेचाळीसच राहिला, मी सेहेचाळीसचा झालो. आपला नायक आपल्यापेक्षा लहान होतो तेव्हा त्याच्याविषयी वेगळीच माया वाटू लागते.

यंदाच्या ५ सप्टेंबरला संध्याकाळी मी फूल पेल्यात ठेवीत होतो, तेवढ्यात फोन वाजला. तोच मुलगा. आता तो बापासारखाच गाडीवर आहे, दरवर्षी या दिवशी जिथे असेल तिथून फोन करतो. ख्यालीखुशाली झाली. मग तो म्हणाला, “गुर्जी, तुम्ही आम्हाला ते दोन थापा एक टाळी शिकवायचा ना, परवा ढाब्यावर टीव्हीवर मॅच चालली होती, तर सगळं मैदान तेच वाजवत होतं! मी पोरांना म्हटलं, हे आमच्या गुर्जींचं आहे. पोरं हसाय लागली. खरं कुणाचं हो ते?”

खिडकीबाहेर अंधार पडला होता. घाटातून उतरणाऱ्या गाड्यांचे दिवे एकामागोमाग एक दिसत होते.

“चौघाजणांचं,” मी म्हटले. “त्यांच्यातला एक आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला. फार मोठा गायक. तुझ्या वडिलांच्याच आजारानं गेला.”

पलीकडे थोडा वेळ नुसता इंजिनाचा आवाज येत राहिला.

“तुम्हाला आवडतो व्हय तो?”

“हो,” मी म्हटले. “मला तो फार आवडतो. लहानपणापासून.”